परभणीच्या मोंढ्यातून परदेशी हिशेब : अपवर्क या सेवेचे परीक्षण

अपवर्क ही घरबसल्या काम मिळवून देणारी सेवा आहे, असे तिचे वर्णन आपल्याकडे सर्रास केले जाते आणि नेमके त्यामुळेच तिच्याकडे वळलेले बरेच जण महिना-दोन महिन्यांत खट्टू होऊन परततात. काम ती देत नाही. तिच्या संकेतस्थळावर ग्राहक कामाच्या जाहिराती देतात आणि आपण त्यांना प्रस्ताव पाठवतो. काम शोधणे, मागणे आणि मिळवणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते, इतकेच नव्हे तर मागण्यासाठी पदरचे पैसेही मोजावे लागतात. मात्र काम एकदा ठरले की झालेल्या कामाचा मोबदला बुडू नये यासाठी तिने जी व्यवस्था उभी केली आहे, ती चोख आहे आणि तिची दलाली द्यायची असेल तर ती या व्यवस्थेसाठी द्यावी, असे माझे मत झाले आहे. मी परभणीच्या नव्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानाचे हिशेब लिहितो आणि दुकान उघडण्यापूर्वीच्या सकाळच्या वेळात या सेवेमार्फत परदेशातील छोट्या व्यावसायिकांची खाती सांभाळतो. पुढील परीक्षण एका बी.कॉम. झालेल्या मुनिमाच्या नजरेतून केलेले आहे; चित्रकार, प्रोग्रामर किंवा व्हिडिओ संपादक यांचा अनुभव काही बाबतींत निराळा असू शकेल.

ही सेवा काल-परवा उगवलेली नाही. १९९९ मध्ये सुरू झालेली ईलान्स आणि २००३ मध्ये सुरू झालेली ओडेस्क या दोन कंपन्यांचे विलीनीकरण २०१३ मध्ये जाहीर झाले आणि २०१५ पासून त्यांचे काम अपवर्क या नावाने चालते. मूळ कंपनी अमेरिकेतील आहे. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की आपल्याकडे ‘ऑनलाइन काम’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा फसवणूकच येते आणि त्यात त्यांचा दोष नाही.

एसटी स्थानकाच्या भिंतीवर, वीजेच्या खांबांवर आणि आता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये ‘घरबसल्या टायपिंग करा, महिना तीस हजार मिळवा’ अशा जाहिराती मराठवाड्यातील प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. आधी नोंदणी म्हणून थोडी रक्कम घेतली जाते. मग पानेच्या पाने टाइप करायला दिली जातात. काम पूर्ण झाल्यावर ‘अचूकता कमी भरली’ असे सांगून मोबदला नाकारला जातो. आणि त्यावर कडी म्हणजे कराराचा भंग केल्याबद्दल वकिलाच्या नावाने नोटीस धाडून उलट पैसे उकळले जातात. दुसरा साचा टेलिग्रामवरचा आहे. व्हिडिओला लाइक करण्याचे शे-दीडशे रुपये पहिल्या दिवशी खरोखर खात्यात येतात, दुसऱ्या दिवशी ‘मोठ्या टास्क’साठी आधी हजार रुपये भरायला सांगितले जाते आणि भरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी आणखी मोठी रक्कम भरत माणूस गाळात रुतत जातो. अशा प्रकारात पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तातडीने फोन करावा, कारण तक्रार जितकी लवकर नोंदली जाईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. नोटिशीला घाबरून घरात कोणाला न सांगता पैसे भरत बसणारी मुले माझ्या पाहण्यात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिले.

आता पेच असा की ‘कामासाठी जो आधी पैसे मागतो तो ठग’ हा सर्वांना पाठ असलेला नियम अपवर्कला लावला तर तीही त्यात अडकते. येथे एखाद्या कामासाठी प्रस्ताव पाठवायचा असेल तर ‘कनेक्ट्स’, म्हणजे सेवेकडून विकत घ्यायची टोकने, खर्च करावे लागतात. एका कनेक्टची किंमत ०.१५ डॉलर आहे आणि एका प्रस्तावाला किती कनेक्ट्स लागतील हे कामागणिक बदलते. फरक इतकाच आणि तो महत्त्वाचा आहे की या पैशांच्या बदल्यात कोणतेही काम, उत्पन्न किंवा ‘हमी’ देऊ केलेली नसते. तो निव्वळ अर्जाचा खर्च आहे आणि तो तसाच सांगितला जातो. ठगाच्या जाहिरातीत मात्र भरलेल्या पैशांच्या बदल्यात उत्पन्नाचे आश्वासन असते.

प्रामाणिक असला तरी हा खर्च नवख्याला जड जातो, हे मान्य करावेच लागेल. एका प्रस्तावाला १२ कनेक्ट्स लागले असे धरले तर १.८० डॉलर होतात. डॉलरचा भाव सोयीसाठी ८५ रुपये धरला तर ते १५३ रुपये झाले आणि असे दहा प्रस्ताव पाठवले तर करासह अठराशे रुपये कोणतेही उत्तर न येता संपून जाऊ शकतात. सिडनी किंवा शिकागोच्या माणसाला ही रक्कम एका जेवणाची असेल, पण सेलू किंवा गंगाखेडच्या नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीसाठी ती महिन्याच्या बसपासहून मोठी आहे. त्यातच प्रस्ताव यादीत वर दिसावा म्हणून जास्तीचे कनेक्ट्स लावून बोली लावण्याचीही सोय आहे, म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा अर्ज आधी वाचला जाण्याची शक्यता वाढते. कंपनीच्या दृष्टीने याचे समर्थन असे की फुकट अर्ज ठेवले तर ग्राहकापुढे शेकडो निरर्थक प्रस्तावांचा ढीग पडेल. ते खरे आहे, परंतु मिळकतीवरही दलाली घ्यायची आणि अर्जावरही शुल्क घ्यायचे, हे दोन्ही बाजूंनी घेणे झाले. या सेवेतील सर्वांत खटकणारी बाब मला हीच वाटते.

नोंदणीची पायरी सोपी दिसते, पण आपल्याकडच्या कागदपत्रांमुळे ती अडखळते. खात्यावरील नाव, शासकीय छायाचित्र-ओळखपत्रावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव यांचा मेळ असावा लागतो. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचे नाव मध्ये, पॅनवर केवळ आद्याक्षर आणि लग्नानंतर बँकेत बदललेले आडनाव, अशी चार कागदांवर चार नावे असणे ही मराठवाड्यातील घरोघरची गोष्ट आहे. त्यामुळे खाते उघडण्यापूर्वी आधार आणि पॅन यांवरील नाव एकसारखे करून घ्यावे. ओळख पडताळणीत खाते अडकल्यावर ती दुरुस्ती करणे फार कटकटीचे जाते. शिवाय संपूर्ण कारभार इंग्रजीत चालतो, मराठीची सोय नाही. तासावर चालणाऱ्या कामाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर संगणकावर चालते, त्यामुळे केवळ मोबाइलवर विसंबून ‘अ‍ॅप उतरवले की काम सुरू’ अशी ज्यांची समजूत आहे त्यांची येथे निराशा होईल. जुना का होईना, पण एक लॅपटॉप हवा.

आणि कसब हवे. ‘डेटा एन्ट्री’ या नावाखाली येणारी कामे दिसायला पुष्कळ असतात, परंतु त्यांच्यावर पडणाऱ्या उड्या इतक्या असतात आणि त्यातील बराचसा भाग आता यंत्रेच करू लागल्यामुळे दर इतके खाली आलेले असतात की त्यासाठी कनेक्ट्स खर्च करणे परवडत नाही. तासाचा किमान दर ३ डॉलर आहे आणि त्या किमान दराला येऊनही काम मागणारे भरपूर आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण आपल्यात अभिमानाने म्हणतो खरे, पण ग्राहकाच्या यादीत परभणीचा माणूस मनिला, ढाका आणि लाहोर येथील तितक्याच शिकलेल्या माणसांच्या शेजारी उभा असतो. तेथे तो स्वस्ताईवर टिकू शकत नाही.

हिशेबाच्या क्षेत्रापुरते बोलायचे तर टॅली या आपल्याकडच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या माणसाला परदेशी पद्धत शिकायला फार वेळ लागत नाही, कारण नावे-जमेचे तत्त्व सगळीकडे एकच आहे. फरक साधनांचा आहे. अमेरिकेत क्विकबुक्स आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झीरो (Xero) ही सॉफ्टवेअर जास्त चालतात. दोन्ही कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण हिशेबनिसांना विनाशुल्क देतात आणि ऑनलाइन परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्रही देतात. हे प्रमाणपत्र अपवर्कवरील आपल्या माहितीत दाखवता येते आणि पहिले काम मिळण्यात त्याचा मोठा वाटा असतो. एवढे उघड आणि फुकट साधन उपलब्ध असताना ‘फ्रीलान्सिंग शिकवतो’ म्हणून वीस-पंचवीस हजार रुपये घेणारे वर्ग आपल्याकडे भरभरून चालतात, याचे मला नवल वाटते. त्यातील एका वर्गाची माहितीपुस्तिका मी वाचली. तीत खाते कसे उघडावे याला सहा पाने होती आणि खाते उघडल्यावर कोणते काम करावे याबद्दल अर्धे.

काय करता येत नाही, हेही स्पष्ट असलेले बरे. ऑस्ट्रेलियात व्यवसायांना आपल्या जीएसटीचे विवरण, ज्याला तेथे ‘बास’ म्हणतात, ठरावीक मुदतीने भरावे लागते आणि मोबदला घेऊन ते तयार करण्याचा व भरण्याचा अधिकार केवळ तेथील नोंदणीकृत एजंटालाच असतो. आपण दैनंदिन नोंदी, बँकेशी ताळमेळ आणि देणी-येणी एवढेच करावे आणि तयार वही त्यांच्या एजंटाच्या हवाली करावी. कामाच्या जाहिरातीत ‘विवरणही तुम्हीच भरा’ असे लिहिलेले आढळले तर तो ग्राहक एक तर अजाण आहे किंवा नको इतका जाणता आहे.

प्रत्यक्ष काम कसे असते याचे एक उदाहरण देतो. एका उपाहारगृहाच्या मालकिणीने मला तिची वही पाहायला दिली, तेव्हा तिची तक्रार होती की गल्ल्यावरील यंत्रात दिसणारी विक्री आणि वहीतील विक्री कधीच जुळत नाही. कारण शोधायला वेळ लागला नाही. ग्राहक कार्डाने पैसे देत आणि कार्डाचे व्यवहार सांभाळणारी कंपनी आपले शुल्क कापून उरलेली रक्कम बँकेत जमा करीत असे. समजा, दिवसाची विक्री १,००० डॉलर झाली आणि शुल्क १६ डॉलर गेले, तर बँकेत ९८४ डॉलर येत आणि आधीचा हिशेबनीस तेवढीच रक्कम ‘विक्री’ म्हणून नोंदवीत असे. परिणामी विक्री कमी दिसत होती आणि शुल्काचा खर्च तर वहीत कोठेच नव्हता. मोंढ्यात बसलेल्या माणसाला ही चूक एका नजरेत दिसते, कारण शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या पट्टीवर सोयाबीनची पूर्ण रक्कम वर असते, हमाली-तोलाईची वजावट तिच्याखाली असते आणि हातात पडणारी रक्कम सर्वांत शेवटी असते. शेवटचा आकडा म्हणजे मालाची किंमत, असे आमच्याकडचा पोऱ्यादेखील म्हणणार नाही. मी दर दिवसाची नोंद दोन ओळींत फोडली, विक्री पूर्ण आणि शुल्क वेगळे, आणि मागील तिमाहीच्या नोंदी तशाच दुरुस्त केल्या. त्यानंतर दर आठवड्याचे काम कायम झाले.

अशा कामात ग्राहकाची बँक-माहिती आपल्या डोळ्यांसमोर असते, म्हणून एक पथ्य कटाक्षाने पाळावे. सॉफ्टवेअरमध्ये आपल्या नावाने स्वतंत्र प्रवेश देण्याची सोय असते, तोच मागावा. ग्राहकाने विश्वासाने बँकेचा पासवर्ड पाठवला तरी तो वापरू नये आणि तसे त्याला लेखी कळवावे. उद्या कोठे काही गडबड झाली तर संशयाची सुई आधी दूरच्या माणसाकडेच वळते.

वेळेच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया मला सोयीचा वाटला. सिडनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास, आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे असते. म्हणजे आपल्याकडे पहाटे पाच वाजता तेथील कामकाज सुरू झालेले असते आणि सकाळी नऊपर्यंत चार तास सलग मिळतात. अमेरिकेच्या ग्राहकासाठी रात्री जागावे लागते आणि दिवसा दुसरे काम असणाऱ्याला ते फार काळ झेपत नाही. पहाटेची वेळ आणखी एका कारणाने बरी आहे. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचे ऊन काय असते हे सांगायला नको. दुपारी पंख्याखालीही लॅपटॉप तापतो आणि लाईट जाण्याचे प्रमाणही तेव्हाच जास्त असते. इन्व्हर्टर, आणि फायबरचे इंटरनेट बंद पडल्यास मोबाइलचे हॉटस्पॉट, या दोन गोष्टी घरात नसतील तर तासावरचे काम घेण्याच्या भानगडीत पडू नये.

तासावरच्या कामाची नोंद ठेवण्याची पद्धत काहींना जाचक वाटते. संगणकावरील सॉफ्टवेअर साधारण दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा पडद्याचे छायाचित्र घेते आणि कीबोर्ड व माउसची हालचाल किती झाली हे मोजते. कोणी आपल्या खांद्यावरून डोकावत आहे, अशी भावना सुरुवातीला होते खरी. पण हीच छायाचित्रे मोबदल्याचे संरक्षण करतात: या नोंदीनुसार झालेल्या तासांचे पैसे, ठरलेल्या अटी पाळल्या असतील तर, ग्राहकाने टाळाटाळ केली तरी मिळण्याची तरतूद आहे, तर हाताने भरलेल्या तासांना ते संरक्षण नाही. त्यामुळे ‘सॉफ्टवेअर लावू नका, तास नंतर टाका’ असे सुचवणाऱ्या ग्राहकाचे म्हणणे नम्रपणे नाकारावे. आठवडा सोमवार ते रविवार असा जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजला जातो, म्हणजे आपल्याकडे तो सोमवारी पहाटे साडेपाचला बदलतो. सोमवारी पाच वाजता कामाला बसणाऱ्याची पहिली तीस मिनिटे मागच्या आठवड्यात जातात. आठवडा संपल्यावर दहा दिवसांनी, म्हणजे पुढच्या आठवड्यानंतरच्या बुधवारी, ते पैसे काढता येतात.

ठोक रकमेच्या कामाची रीत निराळी आहे. ग्राहक कामाच्या टप्प्याची रक्कम आधीच अपवर्कच्या ताब्यात ठेवतो. आपण काम सादर केल्यावर ते तपासण्यासाठी त्याला १४ दिवस मिळतात. त्या मुदतीत त्याने मंजुरीही दिली नाही आणि हरकतही घेतली नाही तर रक्कम आपोआप मोकळी होते आणि सुरक्षेसाठी पाच दिवस थांबून आपल्या हाती येते. माझ्या एका ग्राहकाने वर्षभराच्या थकलेल्या नोंदी लावून घेतल्या आणि काम हाती पडताच तो गप्प झाला. संदेशांना उत्तर नाही, मंजुरी नाही. मुदत संपली आणि रक्कम जमा झाली. हे काम परभणीतल्याच एखाद्या दुकानदाराचे असते तर ‘पुढच्या बाजारी देतो’ हे मी किती वेळा ऐकले असते, याचा अंदाज मोंढ्यात उधारी वसूल केलेल्या कोणालाही येईल. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. टप्प्याची रक्कम भरली गेली आहे की नाही हे पडद्यावर दिसते. ती भरलेली दिसल्याशिवाय पहिली नोंदसुद्धा करू नये.

आता वजावटींकडे वळू. मे २०२३ मध्ये दलालीचा दर सर्वांसाठी सरसकट १० टक्के करण्यात आला होता. १ मे २०२५ पासून नव्या करारांना शून्य ते १५ टक्क्यांपर्यंतचा बदलता दर लागू झाला आणि कोणत्या कामाला किती दर पडणार हे प्रस्ताव पाठवण्यापूर्वी दाखवले जाते. कोणत्या हिशेबाने एका कामाला ८ आणि दुसऱ्याला १५ टक्के लागतात याचा उलगडा मात्र होत नाही आणि हिशेबाच्या माणसाला असा गुलदस्त्यातला दर रुचत नाही. १० टक्के धरून उदाहरण घेऊ: ८ डॉलर दराने दहा तास काम केले तर ८० डॉलर होतात. त्यातून दलाली ८ डॉलर गेली. जीएसटी क्रमांक नसलेल्या भारतीय फ्रीलान्सरकडून त्या दलालीवर १८ टक्के जीएसटी घेतला जातो, तो १.४४ डॉलर झाला. थेट भारतीय बँक खात्यात रक्कम मागवण्याचे शुल्क ०.९९ डॉलर आहे. उरले ६९.५७ डॉलर, म्हणजे ८५ रुपये भावाने सुमारे ५,९१३ रुपये. प्रत्यक्षात रूपांतराचा दर बाजारभावापेक्षा थोडा कमीच मिळतो, म्हणून हातात पडणारी रक्कम याहूनही किंचित कमी धरावी. बँकेत रक्कम मागवण्याचे शुल्क रकमेवर अवलंबून नसल्यामुळे दर आठवड्याला थोडे थोडे काढण्यापेक्षा महिन्यातून एकदाच काढणे शहाणपणाचे.

तुलनेसाठी फायव्हरचा उल्लेख करायला हवा. २०१० मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालेल्या या सेवेत आपण आपल्या कामाची पाटी लावून बसतो आणि ग्राहक शोधत येतो. अर्जासाठी काही मोजावे लागत नाही, परंतु मिळकतीतून सरळ २० टक्के कापले जातात आणि नवख्या विक्रेत्याला काम पूर्ण झाल्यावर पैशांसाठी १४ दिवस थांबावे लागते. लोगो, आवाज देणे, छोटे व्हिडिओ अशा एका झटक्यात संपणाऱ्या कामांना ती बरी. महिनोन्‌महिने चालणाऱ्या खातेवहीच्या कामाला तिची रचना जुळत नाही.

ग्राहक पारखण्यासाठी अपवर्क जी माहिती पुरवते ती पुरेशी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यालाच बहुधा फटका बसतो. पैसे भरण्याचे साधन पडताळलेले आहे का, आजवर त्याने एकूण किती खर्च केला, जाहिरात दिलेल्या कामांपैकी किती कामांना खरोखर माणूस नेमला, आधी काम केलेल्यांनी त्याच्याविषयी काय लिहिले, हे सारे जाहिरातीच्या बाजूलाच असते. एका ‘ग्राहका’ने मला पहिल्याच संदेशात टेलिग्रामवर यायला सांगितले आणि तेथे म्हणे ‘सॉफ्टवेअरचा परवाना’ म्हणून चाळीस डॉलर भरायचे होते. करार होण्यापूर्वी बाहेरच्या माध्यमावर संपर्क करणे नियमातच बसत नाही, असे मी लिहिले आणि तक्रारीचे बटण दाबले. त्यानंतर ती जाहिरात तेथे दिसली नाही. भिंतीवरची जाहिरात आणि येथील ठग यांची जात एकच आहे. फरक असा की येथे ठगाला तुम्हाला आधी आवाराबाहेर न्यावे लागते.

मराठवाड्यातील ज्या वर्गाला ही सेवा खऱ्या अर्थाने उपयोगी पडू शकेल तो म्हणजे वाणिज्य शाखेच्या पदवीधर, लग्नानंतर तालुक्याच्या गावी आलेल्या आणि नोकरीसाठी रोज संभाजीनगर किंवा नांदेड गाठणे शक्य नसलेल्या स्त्रिया. पहाटेचे दोन तास नियमितपणे मोकळे मिळणे ही त्यांच्यासाठी इंटरनेटपेक्षाही अवघड बाब आहे, हे घरातल्यांनी समजून घेतले तर.

करांचे सांगायचे तर डॉलरमध्ये आले म्हणून उत्पन्न करमुक्त होत नाही. भारतात राहणाऱ्याला ते आयकर विवरणात दाखवावे लागते आणि तेही बँकेत आलेली रक्कम नव्हे, तर कपातीपूर्वीची पूर्ण मिळकत. दलाली आणि कनेक्ट्स हा खर्च म्हणून वेगळा दाखवावा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही आणि त्यापुढे गेल्यावरही सेवांच्या निर्यातीवर कराचा दर शून्य असतो, केवळ त्यासाठीचे हमीपत्र दाखल करावे लागते. ‘एवढे पैसे कोठून येतात’ ही विचारणा बँकेत गृहकर्जाच्या वेळी हमखास होते. अपवर्कवरून प्रत्येक व्यवहाराचे बिल आणि एकूण मिळकतीचा दाखला उतरवून घेता येतो. वर्षाच्या शेवटी तो छापून फाइलला लावून ठेवावा. साहेबांना कागद लागतो, स्क्रीनवरचे चालत नाही.

महिना सुमारे २० डॉलर घेऊन सदस्यत्व देणारी एक वरची योजनाही आहे. त्यात दरमहा काही कनेक्ट्स मिळतात आणि इतरांनी कोणत्या दरांची बोली लावली याचा अंदाज दिसतो. पहिले दोन-तीन ग्राहक हाती येण्यापूर्वी ती घेण्याचे कारण मला दिसत नाही आणि ते आल्यानंतर तिची गरज उरत नाही.

जम बसल्यावर प्रत्येकापुढे एक प्रश्न येतोच. ग्राहक म्हणतो, ‘दलाली कशाला देता, मी थेट तुमच्या खात्यात पाठवतो.’ अपवर्कवर ओळख झालेल्या ग्राहकाशी पहिली दोन वर्षे पैशांचा व्यवहार तिच्याच मार्गे करण्याचे बंधन आपण नोंदणी करतानाच स्वीकारलेले असते. त्याआधी बाहेर पडायचे असेल तर ठरावीक शुल्क भरावे लागते आणि चोरून व्यवहार केल्यास खाते बंद होऊ शकते. उपाहारगृहाच्या त्या मालकिणीनेही मला हे विचारले. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर पाहू, असे मी तिला कळवले आहे. मात्र त्यानंतरही ठोक रकमेची मोठी कामे याच मार्गाने ठेवावीत असे मला वाटते, कारण सिडनीत कोणी पैसे थकवले तर वसुलीला जायला परभणीहून गाडी नाही.